बोरूची रीड की कृत्रिम? क्लॅरिओनेटच्या पत्तीचा वाद आज कुठे आहे

वऱ्हाडात लग्नाचा खरा हंगाम चैत्र-वैशाखातला. कापसाचे पैसे हातात आलेले असतात आणि शेत रिकामं असतं. भातकुलीपासून अकोल्यापर्यंतच्या गावांत परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघतो, तेव्हा डफड्याच्या आणि ड्रमच्या वर जो एक बारीक, चढा, थोडा नाकातला सूर ऐकू येतो तो बहुतेक वेळा क्लॅरिओनेटचा. हल्ली डी.जे.नं आणि धुमाल पथकांनी बँडची बरीच जागा घेतली आहे. तरीही चांगला बँड म्हटलं की क्लॅरिओनेट आणि ट्रम्पेट ही जोडी लागतेच. तो सूर ज्या पातळ पट्टीतून निघतो ती म्हणजे रीड, बँडवाल्यांच्या तोंडी पत्ती. गेल्या पंचवीस-सत्तावीस वर्षांत जगभरच्या क्लॅरिओनेटवादकांत तिच्यावरून एक वाद सुरू आहे. पत्ती बोरूच्या जातीच्या गवताची असावी की प्लॅस्टिकच्या कुळातल्या कृत्रिम पदार्थाची? वादाचा बराचसा भाग युरोप-अमेरिकेतली सभागृहं समोर ठेवून मांडला गेला आहे. इथे तो वऱ्हाडाच्या उन्हात ठेवून पाहायचा आहे.

पत्ती करते काय

क्लॅरिओनेटच्या माउथपीसला एका बाजूला सपाट तोंड असतं. त्यावर पत्ती ठेवून लिगेचर नावाच्या पट्ट्यानं आवळतात. पत्तीचं टोक आणि माउथपीसची कड यांच्यात साधारण एक मिलिमीटरची फट राहते. फुंक आत गेली की पत्ती ही फट उघडझाप करू लागते आणि नळीतली हवा तिला आपल्या लयीत बांधून घेते. पत्तीचं टोक जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचं असतं. एवढ्या पातळ जागी काही सूक्ष्म फरक पडला तरी वाद्य चिरकतं, नाहीतर आवाज बसतो, किंवा वरचे सूर निघतच नाहीत.

ही पत्ती ज्या वनस्पतीची करतात तिचं शास्त्रीय नाव अरुंडो डोनॅक्स. आपल्याकडे नळ किंवा बोरू म्हणतात त्या जातीचं हे उंच, पोकळ कांड्यांचं गवत. भूमध्य समुद्राच्या काठावर ते माजतं आणि वाद्यांसाठी सगळ्यांत नावाजलेलं गवत दक्षिण फ्रान्सच्या वार परगण्यातलं. साधारण दोन वर्षं वाढलेली कांडी हिवाळ्यात कापतात, सोलून उन्हात ठेवतात, मग ती सोनेरी होऊन पुष्कळ दिवस वाळत राहते. त्यानंतर चिरणं, रंधणं, घासणं. पॅरिसच्या ऑपेरात क्लॅरिओनेट वाजवणाऱ्या यूजीन व्हान डोरेननं १९०५ साली सुरू केलेला कारखाना आज व्हॅन्डोरेन या नावानं जगभर पत्त्या पाठवतो. अमेरिकेतली रिको आता डॅडारिओच्या मालकीची आहे आणि तिची गवताची लागवड फ्रान्सबरोबर अर्जेंटिनातही आहे. पत्तीचा कडकपणा आकड्यात सांगतात: दोन, अडीच, तीन, साडेतीन. आकडा चढला की पत्ती कडक. दोन कारखान्यांचा अडीच नंबर मात्र एकच असेल असं नाही, आणि नवशिक्याची पहिली फसगत बहुधा इथेच होते.

न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनरनं १७०० च्या सुमारास क्लॅरिओनेट घडवलं. तेव्हापासून या वाद्यात पत्ती सोडून जवळजवळ सगळं बदललं. चाव्या दोनाच्या डझनावारी झाल्या. लाकडी माउथपीस जाऊन एबोनाइटचा आला, म्हणजे गंधकानं कडक केलेलं रबर. नळीसाठी आफ्रिकन काळं लाकूड वापरत, तिथेही १९९० च्या दशकात बुफे कंपनीनं त्याच लाकडाच्या भुकटीत कार्बनचे तंतू आणि राळ मिसळून नवी नळी काढली. शाळांच्या आणि बँडच्या वाद्यांत तर सरळ प्लॅस्टिकच असतं. सगळं वाद्य कृत्रिम होत गेलं आणि गवताची एक चिपटी तेवढी तशीच राहिली. म्हणून पत्तीचा प्रश्न हा या लांबच्या बदलातला शेवटचा टप्पा मानायला हरकत नाही.

क्लॅरिओनेट इकडे कसं आलं

याला एक मराठी धागा आहे. तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे (१७७७–१८३२) यांनी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड पदरी ठेवला होता. त्याच तंजावरच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात नाचाच्या साथीला क्लॅरिओनेट आलं आणि पुढे कर्नाटक संगीताच्या मैफलीतही बसलं. ए. के. सी. नटराजन यांनी आयुष्यभर ते वाजवलं आणि त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. उत्तरेत आणि महाराष्ट्रात मात्र ते पलटणींच्या बँडमधून उतरलं. मेरठच्या जाली कोठी भागात नादिर अली कंपनी १८८५ पासून बँडची वाद्यं घडवत आली आणि लग्नाच्या बँडला लागणारं सामान देशभर तिथून जाऊ लागलं. मुंबईत मास्टर इब्राहिम यांच्या क्लॅरिओनेटवरच्या सिनेगीतांच्या तबकड्या घराघरांत वाजल्या. पुण्याच्या गणपती विसर्जनातला प्रभात बँड सगळ्यांना ठाऊक आहे. सातपुड्यातल्या, अमरावतीपासून फार लांब नसलेल्या पचमढीला लष्कराची संगीत शाळा १९५० पासून चालते.

एवढं सांगण्याचं कारण असं की आपल्याकडचा क्लॅरिओनेटवादक एका जातीचा नाही. लष्करी बँडमध्ये कागदावर लिहिलेलं वाजवणारा, सिम्फनीत वाजवणारा, राग वाजवणारा आणि उन्हात तीन तास चालत सिनेगीत वाजवणारा, या चौघांची पत्तीकडून अपेक्षा वेगळी. वाद घालताना लोक हे सहज विसरतात.

कृत्रिम पत्तीची वाटचाल

कृत्रिम पत्ती ही काही कालची गोष्ट नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत अर्नोल्ड ब्रिलहार्ट यांच्यासारख्यांनी प्लॅस्टिकच्या पत्त्या बाजारात आणल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सचं गवत मिळेनासं झालं, तेव्हा पर्याय शोधण्याची घाईही झाली. त्या पत्त्या टिकायच्या, पण आवाज कर्कश आणि ओठाला परका. कृत्रिम पत्ती म्हणजे संचलनात, पावसात चालवून न्यायची वस्तू, हा शिक्का तेव्हाचा आणि तो पुसायला चाळीसेक वर्षं लागली. मधल्या काळात गवताच्या पत्तीवर प्लॅस्टिकचा पातळ थर देण्याची युक्ती निघाली. तशा पत्त्या अजून विकल्या जातात.

वळण आलं १९९८ च्या सुमारास. कॅनडातले रसायनतज्ज्ञ गाय लेजेर आणि टोरोंटो विद्यापीठातले रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक मार्क कॉर्टशॉट यांनी पॉलिप्रोपिलीन एका दिशेनं ताणून त्याचे रेणू लांबीच्या रेषेत बसवले. गवतात तंतू लांबीत कडक आणि रुंदीत नरम असतात. साध्या प्लॅस्टिकला हा गुण नसतो, ताणलेल्या प्लॅस्टिकला तो बराचसा येतो. लेजेर कंपनीच्या पत्त्या याच तत्त्वावर निघाल्या. इतरांनी वेगळ्या वाटा धरल्या: कुणी राळेत अरॅमिडचे तंतू घातले, जपानच्या फॉरेस्टोननं लाकडाचा तंतू प्लॅस्टिकमध्ये मिसळला, आणि डॅडारिओनं २०२१ मध्ये व्हेन नावाची पत्ती आणली. शिकागो सिम्फनीचे माजी प्रमुख क्लॅरिओनेटवादक लॅरी कोम्ब्ज यांच्यासारखी माणसं लेजेर वाजवू लागल्यावर ही पत्ती फक्त नवशिक्यांची आहे असं म्हणणं अवघड झालं.

गवताच्या बाजूनं

गवताच्या पत्तीचा कैवार घेणारे पहिली गोष्ट आवाजाची सांगतात. सूर भरलेला लागतो, हलक्या फुंकीतही तुटत नाही, एका सुरातून दुसऱ्यात जाताना रंग बदलतो. हे निव्वळ हळवेपण नाही. १९९८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पत्त्यांचे सूक्ष्म काप तपासले. चांगल्या वाजणाऱ्या पत्त्यांत रसवाहिन्यांच्या जुड्यांभोवती तंतूंचं कडं अखंड असण्याचं प्रमाण जास्त आढळलं. पुढच्याच वर्षी ओबाताया आणि नोरिमोतो या जपानी संशोधकांनी दाखवलं की पत्तीत असलेले, पाण्यात विरघळणारे साखरेसारखे पदार्थ तिच्या कंपनावर आणि आवाजावर परिणाम करतात. थुंकीनं ते हळूहळू धुऊन जातात, आणि काही आठवड्यांनी पत्ती 'मेली' असं वादक म्हणतात त्याला हेही एक कारण असावं.

दुसरी गोष्ट हाताची. गवताची पत्ती घासून सुधारता येते. बारीक पॉलिश पेपर, एक काच, थोडा धीर एवढं भांडवल पुरतं. एक कड जड असेल तर खरवडायची, टोक फार नरम झालं तर कातरायचं, पाठ वाकली असेल तर काचेवर घासून सपाट करायची. कृत्रिम पत्तीला असं हात लावणं जवळजवळ अशक्य. लागली तर लागली, नाहीतर दुसरी घ्या.

उलट बाजूचं दुखणंही याच पक्षातले लोक मोकळेपणी कबूल करतात. दहाच्या पेटीतल्या सगळ्या पत्त्या सारख्या निघत नाहीत. तीन-चार मनाजोग्या, तीन-चार सरावाच्या, बाकी टाकाऊ, अशी विभागणी जगभरचे वादक सांगतात. नवी पत्ती एकदम ताणायची नाही, पहिले काही दिवस पाच-दहा मिनिटं वाजवून तिला मुरू द्यायची. ती आधी ओली करायची, वाजवून झाली की पुसून सपाट डबीत ठेवायची आणि आळीपाळीनं तीन-चार पत्त्या फिरवायच्या. हे सगळं करायला वेळ, घर आणि शांतता लागते.

कृत्रिमच्या बाजूनं

कृत्रिम पत्ती उचलली की वाजते. ओली करायला नको. संगीत नाटकात रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात एकच माणूस सॅक्सोफोन, बासरी, क्लॅरिओनेट आलटून पालटून वाजवतो. त्याचं वाद्य दहा मिनिटं बाजूला पडलं की गवताची पत्ती वाळून कुरकुरते, ही नाही. आजची पत्ती उद्या तशीच असते, त्यामुळे सराव करताना दोष आपला की पत्तीचा हा गोंधळ उरत नाही. शिकणाऱ्याला हा फायदा मोठा आहे आणि शिकवणाऱ्याला त्याहून मोठा. शिवाय ती धुता येते. गवताच्या ओल्या पत्तीत जंतू आणि बुरशी घर करतात. एकाच वाद्यावर तीन पोरं शिकत असतील तर ही बाब गमतीची नाही.

तक्रारी दोन प्रकारच्या ऐकू येतात. एक आवाजाची. वरच्या सप्तकात थोडी पातळ किंवा चकचकीत, सुरात खोली कमी. दुसरी स्पर्शाची. ओठाखाली गुळगुळीत, लवकर थुंकी साचणारी, आणि वाजवता वाजवता गरम होऊन नरम पडणारी. पहिल्या तक्रारीबद्दल वादक आणि श्रोता यांची साक्ष जुळत नाही. वादकाला फरक ओठात आणि कवटीच्या हाडात जाणवतो. दहा फुटांवरच्या श्रोत्याला तो तसाच जाणवेल हे गृहीत धरता येत नाही. वादातली बरीच वाक्यं वादकाच्या खुर्चीतून उच्चारली गेली आहेत, हे लक्षात ठेवून ती वाचावीत.

उन्हाचा आणि खिशाचा हिशेब

आता भातकुलीला येऊ. एप्रिल-मेमध्ये अमरावती-अकोल्याकडे दुपारचं तापमान ४५ अंशांच्या आसपास जातं, कधी वरही. हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच ७०-८० टक्क्यांपर्यंत चढते. व्हॅन्डोरेन आपली प्रत्येक पत्ती हवाबंद पाकिटात भरते ती पत्तीतला ओलावा टिकावा म्हणून. पाकीट फोडलं की ती वऱ्हाडाच्या हवेच्या ताब्यात. परण्या मारुतीच्या देवळाशी थांबला, नवरदेव पाया पडला, पाच-सात मिनिटं गेली की पत्तीचं टोक लाटेसारखं वळतं आणि पुढचं गाणं चिरकत सुरू होतं. वादक ती पुन्हा तोंडात धरतो, ओली करतो, पुन्हा वाजवतो. एका संध्याकाळी असं कितीतरी वेळा ओलं-वाळलं झालं की पत्तीचं आयुष्य झपाट्यानं सरतं. पॅरिसच्या सभागृहात जी पत्ती महिनाभर चालते तिच्याकडून इथे तेवढीच अपेक्षा धरणं चूक आहे.

यात पाण्याची एक बाजू आहे, ती परदेशी चर्चेत येण्याचं कारण नाही. भातकुली, दर्यापूर हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीचं, बोअरचं पाणी इथे क्षारांनी जड. असं पाणी वाळलं की पांढरा थर मागे राहतो. पत्ती त्यातच भिजवायची आणि तशीच वाळू द्यायची असं चाललं, तर तो थर बारीक छिद्रांतही जमणार. पिण्याचं गोड पाणी वापरावं किंवा सरळ तोंडात धरून ओली करावी, एवढंच यावर सांगण्यासारखं.

हवामानाचा विचार केला तर कृत्रिमचं पारडं इथे जड व्हायला हवं, आणि कोरडेपणापुरतं ते आहेच. पण पॉलिप्रोपिलीन तापमान वाढलं की नरम पडतं, हा त्या पदार्थाचा स्वभाव आहे. खोलीच्या २० अंशांत तीन नंबरची वाटणारी पत्ती ४४ अंशांच्या रस्त्यावर, तोंडाच्या उष्णतेसकट, अडीचची वाटू शकते. उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली तर वाकण्याचीही भीती. बाहेर वाजवणाऱ्यानं अर्धा नंबर कडक घ्यावी आणि दोन पत्त्या आळीपाळीनं वापराव्यात, ही सूचना त्यामुळे अर्थाची वाटते. म्हणजे कृत्रिम पत्तीनं कोरडेपणाचा प्रश्न सोडवला आणि उष्णतेचा उभा केला.

मग खिसा. नामांकित कंपनीची एक कृत्रिम पत्ती साधारणपणे गवताच्या दहाच्या पेटीइतकी महाग पडते. हिशेब लांबचा केला तर ती स्वस्त ठरू शकते, कारण ती काही महिने चालते आणि पेटीतल्या अर्ध्या पत्त्या तशाही वाया जातात. पण लग्नाच्या बँडमधला वादक लांबचा हिशेब करण्याच्या स्थितीत क्वचित असतो. ग्रेगरी बूथ यांनी भारतीय लग्नबँडवर 'ब्रास बाजा' हे पुस्तक २००५ मध्ये प्रसिद्ध केलं. हंगामी कामावर आणि आगाऊ रकमेवर चालणारा हा धंदा त्यात सविस्तर आला आहे. हंगाम संपला की शेतमजुरी किंवा दुसरं काम. अशा माणसाला पेटीसुद्धा एकदम घेणं जड. तो सुट्टी पत्ती घेतो, एक-दोन. एकदम मोठी रक्कम एका चिपटीत गुंतवायची आणि ती वरातीच्या धक्काबुक्कीत टोकाला तडकली तर? गवताची तुटली तर एक पत्ती गेली, कृत्रिम तुटली तर पेटी गेली.

माझ्या मते वऱ्हाडापुरता प्रश्न आवाजाचा कमी आणि जोखीम कुणी उचलायची याचा जास्त आहे. अनेक बँडांत वाद्य मालकाचं असतं. पत्तीही मालकानं हंगामाच्या सुरुवातीला घेऊन द्यावी, असं ठरलं तर कृत्रिमचं गणित बसतं. वादकाच्या पैशानं ते सहसा बसत नाही. पोलिसांच्या किंवा लष्कराच्या बँडमध्ये सामान खात्याकडून येतं, त्यामुळे तिथे निवड कामाच्या सोयीवर ठरू शकते. आवाजाच्या बारकाव्यांबद्दल बोलायचं, तर ट्रॉलीवरच्या भोंग्यातून आणि चार ड्रमच्या गदारोळात ते तसेही कितपत पोचतात? सभागृहातल्या वादाचा अर्धा भाग वरातीत आपोआप गळून पडतो.

उरलेले प्रश्न

राग वाजवणाऱ्यासाठी मात्र तो गळत नाही. क्लॅरिओनेटवर मींड दोन प्रकारे काढतात: भोकावरून बोट हळूहळू सरकवून, आणि ओठाचा दाब सैल करून सूर खाली ओढून. दुसऱ्या प्रकारात पत्तीची लवचिकता थेट कामाला येते. गवताची पत्ती ओठाच्या दाबाला ज्या प्रमाणात उत्तर देते, त्याच प्रमाणात ताणलेलं पॉलिप्रोपिलीन देतं का, हा प्रश्न पाश्चात्त्य वादकाला फारसा पडत नाही. जॅझमधल्या काही जणांना पडतो. राग, नाट्यगीत किंवा लावणी वाजवणाऱ्याला तो पहिल्या आलापातच पडेल. पत्त्यांच्या चाचण्या बहुतेक सरळ, स्थिर सुरांवर होतात. मींड आणि आंदोलन समोर ठेवून त्या करायला हव्यात, आणि ते काम इकडेच होण्यासारखं आहे.

पर्यावरणाचा मुद्दा दोन्ही बाजू वापरतात. गवत पुन्हा उगवतं, कुजतं, मातीत जातं. पण तेच अरुंडो डोनॅक्स कॅलिफोर्नियातल्या नद्यांच्या काठी तण म्हणून माजलं आहे आणि तिथे ते काढायला खर्च होतो. शिवाय फ्रान्सहून वऱ्हाडापर्यंत दहा पत्त्या दहा वेगळ्या पाकिटांत येतात. एक प्लॅस्टिकची पत्ती तेवढ्याच काळात एक चिपटी कचरा करते. रोज तोंडात धरायच्या प्लॅस्टिकचा झिजलेला कण पोटात जातो त्याचं काय, ही शंका अलीकडे विचारली जाते आणि ती रास्त आहे.

शेजारच्या वाद्यांकडे पाहिलं तर उत्तरं एकसारखी नाहीत. पाइप बँडच्या बॅगपाइपमध्ये एकच सूर धरून राहणाऱ्या नळ्यांना कृत्रिम पत्ती आता सर्रास वापरतात, पण चाल वाजवणाऱ्या नळीला बहुतेक जण गवतच लावतात. नादस्वरमची पत्ती अजूनही कावेरीकाठच्या तिरुवावडुतुरै परिसरातले कारागीर गवतापासून हातानं बनवतात. आपली सनईही दुहेरी पत्तीची, गवताचीच. बॅगपाइपवाल्यांनी केलेली ही वाटणी क्लॅरिओनेटवाल्यांनाही जमण्यासारखी आहे: चैत्र-वैशाखातल्या रस्त्यावर कृत्रिम, आणि पावसाळ्यात घरी बसून राग घोटताना, किंवा गणपतीसमोर नाट्यगीत वाजवताना, गवताची. काही वादक आजही असं करतात. दोन्हींचा नंबर जुळवून ठेवला नाही तर तोंड बसायला प्रत्येक वेळी आठवडा जातो, एवढी त्यातली अडचण.